रेडिओ काढलेली जागा

१

मंगळवारी आमचं दुकान बंद असतं. लाखनीत हायवेला लागून माझं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, मागं घर आणि घराच्या अंगाला टिनाचं शेड. त्या शेडमध्ये गाडी उभी असे. जुनी अँबेसिडर, तुमसरच्या एका कंत्राटदाराकडून घेतलेली. तिच्यात कंपनीतूनच बसवून आलेला रेडिओ होता. दोन बाजूंना दोन खुंट्या, मध्ये आकड्यांची काच. नागपूर स्टेशन लागायचं, पण खरखरीतून शोधून काढावं लागायचं. माझ्या बायकोला, सत्यभामेला, गाण्यांची फार हौस. एकोडीला तिच्या माहेरी जाताना ती सारा रस्ता त्या खुंट्या पिळत बसायची, आणि गाणं लागलं की नेमका बाजूनं ट्रक जायचा. म्हणून १९८६ च्या फेब्रुवारीत मी नागपूरच्या सीताबर्डीहून कॅसेटवाला स्टिरिओ घेऊन आलो.

बसवून देणारी माणसं भंडाऱ्याला होती. पण इतके पंप उघडून जोडल्यावर चार वायरींसाठी तिकडे कशाला जायचं, असं मला वाटलं. सकाळी नऊच्या सुमाराला शेडमध्ये चांगला उजेड येतो. मी बॅटरीची वायर सोडली, खुंट्या ओढून काढल्या, पाना लावून नट ढिले केले. खालून एक पट्टी होती, तीही सोडवली. रेडिओ अलगद माझ्या मांडीवर उतरला. डॅशबोर्डात एक चौकोनी भोक उरलं.

त्या भोकामागं काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काही नसतं. थोड्या वायरी असतात आणि वीतभर आत गेलं की पत्र्याची भिंत लागते. भिंतीच्या पलीकडे इंजिन.

रेडिओ काढताना एरियलची वायर माझ्या हातून निसटून आत गेली होती. मी भोकात हात घातला, चाचपून पाहिलं. सापडेना. बोटं पसरून जरा थांबलो. तेव्हा वायरीचं टोक माझ्या तळव्यावर आलं.

मी नीट सांगतो. वायर हाताला लागली नाही. ती माझ्या तळव्यावर ठेवली गेली आणि मग माझी बोटं तिच्यावर मिटवली गेली, जशी लहान पोराच्या मुठीत आपण गोळी देऊन मूठ मिटवतो.

हात बाहेर काढून मी तळवा उलटसुलट करून पाहिला. मग स्वतःला समजावलं. एरियलची वायर जाड असते. दुमडली की उसळते. बोटांचं म्हणाल, तर ती आपोआप मिटतातच.

२

नवा स्टिरिओ जुन्यापेक्षा थोडा रुंद होता. कानस घेऊन मी भोकाच्या कडा घासल्या. पट्टी बसवताना एक नट आत पडला. माझा हात जाडजूड. असल्या अडचणीच्या जागी मी नेहमी सत्यभामेला बोलावतो. तिचा हात बारीक, बोटं लांब. दुकानातही पंपाच्या पोटात पडलेला वॉशर तीच काढून देते आणि काढला की माझ्यापुढे असा धरते, जसं काही मोतीच काढला.

ती पदर खोचून आली. पुढच्या सीटवर बसली आणि उजवा हात भोकात घातला. मी बाजूनं टॉर्च धरला होता. ती वर टिनाकडे बघत चाचपत होती. माझं लक्ष तिच्या चेहऱ्यावर होतं, म्हणून मला उशिरा दिसलं. तिचा हात कोपरापर्यंत आत होता.

वीतभर जागेत कोपरापर्यंत.

मी काही बोलण्याआधीच तिनं हात बाहेर काढला. नट तिच्या चिमटीत होता. पण या खेपेला तिनं तो मोत्यासारखा धरला नाही. ती आपल्या मनगटाकडे पाहत होती.

"एक बांगडी नाई जी," ती म्हणाली.

तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. संक्रांतीला भरलेल्या, घट्ट. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मी म्हटलं, आतल्या पत्र्याला लागून वाढली असेल. खाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, भोकात टॉर्च मारून पाहिलं. काचेचा कणसुद्धा नव्हता. हातावर ओरखडा नव्हता.

"वाढली नाई," ती म्हणाली. "काढली. बांगडीवाली बोटं दाबते ना, अंगठा आत मुडपून? तशीच दाबली कोनीतरी. दुखलं नाई मले."

मी हसलो. ती हसली नाही, आणि घाबरलीही नाही. मला तेच खटकलं. घाबरून ओरडली असती तर मी तिला समजावलं असतं.

३

ती भात टाकायला गेली. मी बॉनेट उघडून पत्र्याची भिंत पलीकडून पाहिली. सगळी धड होती. वायरी जायला अंगठ्याएवढं एक भोक होतं, त्यात रबर बसवलेलं. तेवढ्यातून बाईचा हात जाणं शक्य नव्हतं, आणि गेलाच असता तर तो मला इंजिनाकडून दिसला असता.

शेडच्या कोपऱ्यात बांबूची काठी होती, दोन हात लांब. ती मी आतून भोकात सरकवली. वीतभर गेली. पत्रा लागला नाही. हातभर गेली. पुढे सरकवली. शेवटी काठीचं टोक माझ्या चिमटीत उरलं आणि बाकी सगळी काठी आत. मान वळवून मी समोरच्या काचेतून पाहिलं. उघडलेल्या बॉनेटखालच्या फटीतून इंजिन दिसत होतं. काठी कुठेच बाहेर आली नव्हती.

तलावात गळ टाकला की मासा एकदम गिळत नाही. आधी हुंगतो. दोरी जराशी हलते, थांबते, पुन्हा हलते. माझ्या चिमटीत ती काठी तशी हलली.

मी ती ओढून घेतली आणि रस्ता ओलांडून तुलारामकडे गेलो. तुलारामचं समोर पंक्चरचं दुकान. माझ्याहून मोठा, कमी बोलणारा माणूस. काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की रेडिओच्या जागेत हात घालून पत्रा कुठे लागतो तेवढं बघ.

त्यानं शेडमध्ये येऊन हात घातला. मनगटाच्या जरा वर जाऊन हात थांबला. त्यानं आतून पत्र्यावर बोटं वाजवली. ठण्ण आवाज आला. मग त्यानं माझ्या हातातली काठी घेतली आणि तीही आत घालून आपटून दाखवली. वीतभर.

"हा काय पत्रा," तो म्हणाला. "काहून, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही. माझा अंदाज चुकत होता.

खरं सांगतो, तो गेल्यावर मला बरं वाटलं. माझी नजर चुकली असेल, सकाळपासून वाकून डोक्यात रक्त चढलं असेल. बांगडीचं कोडं सुटत नव्हतं, पण घरातल्या दहा गोष्टींची कोडी सुटत नाहीत. जेवण झालं की स्टिरिओ बसवून टाकायचा आणि विषय संपवायचा, असं मी ठरवलं.

४

 जेवण वाढताना सत्यभामेचा उजवा हात मध्येच थांबत होता. तिनं एकदा विचारलं, भोक आजच बुजवायला पाहिजे का? मी म्हटलं, स्टिरिओ त्यासाठीच आणला ना, तुझ्यासाठी. त्यावर ती म्हणाली, "गानी तं कवाही आयकू."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत तिनं गाण्याबद्दल असं कधी म्हटलं नव्हतं.

जेवून मी बाजेवर पडलो आणि डोळा लागला. जाग आली ती शांततेनं. हायवेवरच्या घराला शांतता माहीत नसते. ट्रक जातो, छपरावरचे कवेलू थरथरतात, भांडी किणकिणतात, याचीच सवय. त्या घटकेला काहीच वाजत नव्हतं. मग एक बारीक आवाज कानावर आला. काचेवर काच. किण. थोडं थांबून पुन्हा, किण.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मागच्या दारातून मी शेडकडे गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं. समोर तुलाराम टायर पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे पाहत होता. सगळं जिथल्या तिथं होतं.

५

सत्यभामा गाडीत बसली होती. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता. गाल डॅशबोर्डाला टेकलेला, डोळे मिटलेले. बांगड्या भरून घेताना लहान मुली दुखेल म्हणून तोंड फिरवून बसतात, तशी बसली होती.

"नाई," ती हळूच कोणाला तरी म्हणत होती. "दुखत नाई. भरा."

किण.

मी तिला हाक मारली. तिनं डोळे उघडले नाहीत. मला म्हणाली, "थांबा जी. थोड्याच उरल्या."

मी पलीकडच्या दारानं आत शिरलो आणि तिच्या खांद्याशी डोकं नेलं. सकाळी मीच कानस लावून रुंद केलेली कड होती ती. तिचा दंड आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर फट राहिली होती. टॉर्च मी आणला नव्हता. लागलाही नाही. आत उजेड होता, मांडवाखाली असतो तसला पिवळसर, मऊ उजेड.

मला तिचा हात दिसला. आहे त्याहून लांब दिसला, कारण तो खूप दूरवर गेलेला होता. आणि त्याच्याभोवती हात होते. बायकांचे. म्हातारे, सुरकुतलेले, काही भरलेले, एक तर अगदी कोवळा. कामाचे हात होते, धानाच्या रोवणीत चिखलानं उलतात तसे उललेले. एकीनं तिचं मनगट खालून तोललं होतं. दुसरी तिचा अंगठा मुडपून बांगडी सरकवत होती. बाकीच्या आपापली बांगडी धरून आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. कोणाला घाई नव्हती. हातांच्या मागं काय होतं ते मला दिसलं नाही, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.

त्यांतला एक हात रिकामा होता. तो वळला. त्याला डोळे नव्हते, पण मी तिथं आहे हे त्याला कळलं. तो फटीच्या दिशेनं आला, तळवा वर करून थांबला. जसं कोणी म्हणतं, आण, तुझाही आण.

मी सत्यभामेला कमरेला धरून ओढलं.

मला वाटलं होतं, जोर लागेल. लागला नाही. त्यांनी लगेच सोडलं. लेक सासरी निघाली की मायबहिणी शेवटी हात सोडतात ना, तसं अलगद. आम्ही दोघं दाराबाहेर जमिनीवर पडलो.

६

तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांनी भरला होता. हिरव्या, लाल, पिवळ्या, काही जुन्या जाड काचेच्या, काही लाखेच्या. इतक्या दाटीनं की कातडी दिसत नव्हती. आणि त्या आवळत होत्या. मी म्हणतो म्हणून नाही, तिची बोटं माझ्यासमोर निळी पडत चालली होती.

मी साबण आणला, गोडं तेल आणलं. एक निघेना. मी अंगठा मुडपला तर ती कळवळली. माझ्या हाताला ते जमत नव्हतं.

"वाढवा लागन," मी म्हटलं.

तिनं हात छातीशी घेतला. "नाई जी. तुमच्या हातानं नाई."

ती काय म्हणते ते मला कळत होतं. नवरा जिवंत असताना त्याच्याच हातानं सवाशिणीच्या बांगड्या फोडायच्या. आमच्या गावात कोणतीही बाई हे ऐकून कानावर हात ठेवील. मी या गोष्टी मानत नव्हतो. मी तिला म्हटलं, हात जाईल तुझा. डॉक्टरकडे नेईपर्यंत हात जाईल. माझ्याकडे बघ, मी धडधाकट तुझ्यासमोर बसलोय. बांगडी म्हणजे काच.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं हात पुढे केला आणि तोंड फिरवलं.

तिचा हात मी दाराच्या पायरीवर ठेवला आणि पान्याच्या दांड्यानं एकेक बांगडी फोडली. हलक्या हातानं, तिला लागू न देता. लाखेच्या होत्या त्या पक्कडीनं तोडल्या. शेवटी तिच्या स्वतःच्या हिरव्या बांगड्या उरल्या. त्याही मनगटात रुतल्या होत्या. त्याही फोडल्या.

शेवटची फुटली आणि गाडीतून आवाज आला.

आधी एक बाई. मग दुसरी. मग अनेक. मोठ्यानं नाही. चार घरं सोडून कोणाचं माणूस गेलं की भिंतीपलीकडून जसं ऐकू येतं, तसं. गळा काढून, सुरात, मध्ये मध्ये नाव घेऊन रडत होत्या. नाव दुरून येत होतं म्हणून तीनदा कान द्यावा लागला. भोजराज. भोजराज. ते माझं नाव.

मी धावत गेलो आणि स्टिरिओ उचलून त्या भोकात दाबला. पट्टी लावली, नट आवळले. घाईत पाना दोनदा घसरला. स्टिरिओ बसला तसा आवाज थांबला. हायवेवरून ट्रक गेला. कवेलू थरथरले.

मागं वळलो तेव्हा सत्यभामा काचांच्या तुकड्यांत बसली होती, डाव्या हातातल्या बांगड्याही तिनं पायरीवर आपटून फोडल्या होत्या. पदरानं कपाळ पुसत होती. कुंकू पुसून झालं तरी पुसतच राहिली. मी तिच्यासमोर जाऊन बसलो, तिचे खांदे धरले. तिनं माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"सत्यभामा," मी म्हटलं. "मी इथं आहे."

ती रडायला लागली, मी तिथं नसल्यासारखी.

७

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तिला तपासलं. हाताला काही नव्हतं, वळसुद्धा नव्हता. तो म्हणाला, मनावर आघात झाला आहे, जपा. तिची आई, गोदावरीबाई, एकोडीहून येऊन राहिली. सत्यभामा तिच्याशी नीट बोलायची, खायची, निजायची. फक्त मी तिला दिसत नव्हतो. माझं ताट वाढलं जात नव्हतं. मी समोर आलो तर ती बाजूनं जायची, जसं आपण खांबाच्या बाजूनं जातो. माझा सदरा उराशी धरून बसायची. मी बाजूला, अंगात दुसरा सदरा घालून बसलेलो असायचो.

मी तिला हलवलं, हाका मारल्या, एकदा ओरडलोही. आधी मला वाटलं, ती नाटक करते. नंतर वाटलं, नाटक असतं तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी ती आईला म्हणाली, उद्या दहावं आहे, नदीवर जायला पाहिजे. गोदावरीबाईनं मला बाजूला घेतलं. आधी पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाली, "जवाई, तिच्या मनाचं होऊ द्या एकडाव. मन मोकडं होईन. तुमी काई मनावर घेऊ नोका."

मी हो म्हटलं. काय म्हणणार?

चुलबंद नदीच्या काठाला अकरा वाजताच ऊन लागायला लागलं होतं. भटजी नव्हता, कोणता भटजी येणार? गोदावरीबाई, सत्यभामा आणि मी. गाडी मीच चालवत नेली. ती मागच्या सीटवर आईच्या खांद्याला टेकून बसली होती. वाळूत तिनं पळसाच्या पानावर भाताचा पिंड ठेवला आणि मागं सरकली.

काठावरच्या आंब्यावर कावळे होते. पाच-सहा तरी होते. एकही खाली येईना. अर्धा तास झाला. तास झाला. सत्यभामा हात जोडून उघड्या उन्हात उभी होती, रिकाम्या मनगटांनी. गोदावरीबाई म्हणाली, सावलीत चल. ती हलली नाही.

"काय राहिलं जी तुमचं?" ती पिंडाला म्हणाली. "सांगा ना. मी करते सारं. काय राहिलं?"

कावळे बघत होते. तिचे ओठ सुकले होते. मधूनच ती एका बाजूला कलत होती. आई धरायला गेली तर तिनं हात झटकला आणि पुन्हा तेच विचारलं, काय राहिलं? आठ वर्षांत तिनं माझ्याकडे इतक्या आर्जवानं काही मागितलं नव्हतं. मी दहा पावलांवर उभा होतो. चपलेत वाळू शिरली होती, ती पायाला पोळत होती, घाम पाठीवरून ओघळत होता. माझं सगळं जागच्या जागी होतं.

ती खाली कोसळणार असं मला दिसलं.

"काही नाही राहिलं," मी म्हटलं. हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "घरी जा तू आता."

फांदी हलली. एक कावळा सरळ खाली उतरला, पिंडाशी आला आणि त्यानं चोच घातली.